प्लेअर्सचे ‘मोटर कार्स’ संच : जर्मन गाड्यांच्या संग्राहकाच्या नजरेतून

नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेअर अँड सन्स या तंबाखू कंपनीने १९३६ साली आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून ‘मोटर कार्स’ नावाचा पन्नास चित्रकार्डांचा संच वाटला आणि लगेच १९३७ साली तेवढ्याच कार्डांचा दुसरा संच काढला. हे दोन्ही संच मी इंग्लंडमधल्या एका जुन्या विक्रेत्याकडून टपालाने मागवले. मला रस आहे तो युद्धापूर्वीच्या जर्मन गाड्यांत, आणि हा अभिप्रायही त्याच अंगाने लिहिलेला आहे. सरसकट जुन्या मोटारींची आवड असणाऱ्याला हे संच माझ्यापेक्षा कितीतरी अधिक समाधान देतील, हे आधीच सांगून टाकतो.

याचे कारण असे की हे संच ब्रिटिश गिऱ्हाइकासाठी काढलेले होते, त्यामुळे त्यांत भरणा ब्रिटिश गाड्यांचा आहे. ऑस्टिन, मॉरिस, रायली, हंबर अशी मंडळी पानामागून पान अडवून बसतात आणि जर्मन गाड्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच भेटतात. त्यातही मर्सिडीज-बेंझ चटकन सापडते, पण बीएमडब्ल्यू शोधणारा पुष्कळदा चुकीच्या जागी शोधत बसतो. १९३४ पासून लंडनजवळच्या आयझलवर्थ येथील एएफएन ही कंपनी बीएमडब्ल्यूच्या गाड्या आयात करून ‘फ्रेझर नॅश-बीएमडब्ल्यू’ या जोडनावाने विकत असे, म्हणून त्या काळच्या कुठल्याही ब्रिटिश यादीत ही गाडी ‘बी’ऐवजी ‘एफ’ अक्षराखाली पाहावी लागते. विक्रेत्याला नुसते ‘बीएमडब्ल्यूचे कार्ड आहे का’ असे विचारले, तर तोही प्रामाणिकपणे नाही म्हणू शकतो.

कार्ड साधारण ६८ मिलिमीटर लांब आणि ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत मावणारे. एवढ्याशा जागेत लांबलचक बॉनेटची गाडी बसवताना चित्रकाराचे कसब पणाला लागते, आणि या संचांत ते लागलेले स्पष्ट दिसते. छपाई रंगीत असून जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही तिचा तजेला टिकून आहे. पाठीमागे गाडीची त्रोटक माहिती आणि वर डिंकाचा पातळ थर आहे, कारण तंबाखूच्या दुकानात एका पेनीला मिळणाऱ्या अल्बममध्ये ही कार्डे चिकटवावीत अशी कंपनीची अपेक्षा होती. कार्ड उजेडात तिरपे धरले की हा थर मंद चमकतो. ज्या पोरांनी त्या काळी कंपनीचे ऐकले त्यांची कार्डे आज संग्राहकाच्या दृष्टीने बरीच स्वस्त झाली आहेत. न चिकटवलेल्या, टोकदार कोपऱ्यांच्या संचाला मान आहे आणि किंमतही त्याच मानाने आहे.

त्या काळच्या इंग्रजी मजकुरातल्या ‘हॉर्सपॉवर’ या आकड्याबद्दल मात्र सावध राहावे. ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर एका ठरावीक सूत्राने काढलेल्या अश्वशक्तीवर बसत असे. या सूत्रात फक्त सिलिंडरची संख्या आणि त्यांचा व्यास धरला जाई, पिस्टनची धाव (सिलिंडरमध्ये तो सरकतो ते अंतर) किंवा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) यांना त्यात स्थानच नव्हते. ५४०के या मर्सिडीजच्या आठ सिलिंडरांचा व्यास प्रत्येकी ८८ मिलिमीटर होता, म्हणून करापुरती तिची अश्वशक्ती जेमतेम ३८ भरते. प्रत्यक्षात सुपरचार्जर जोडल्यावर हे ५.४ लिटरचे इंजिन १८० अश्वशक्ती देत असे. १९३५ पासून कराचा दर प्रत्येक अश्वशक्तीमागे १५ शिलिंग (२० शिलिंगांचा एक पौंड) होता, तेव्हा अशी गाडी इंग्लंडात बाळगणाऱ्याला वर्षाला सुमारे २९ पौंड नुसत्या करापोटी मोजावे लागत असणार. ब्रिटिश कारखान्यांनी बारीक व्यासाची, लांब धावेची इंजिने का बनवली आणि पाच लिटरच्या जर्मन गाड्या तिथल्या रस्त्यावर का दुर्मीळ होत्या, याचा उलगडा या एका हिशोबातून बराचसा होतो. संच हाताशी ठेवून असे हिशोब करत बसणे हा माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे.

आता खरेदीविषयी. केवळ जर्मन गाड्यांची सुटी कार्डे जमवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तो टाळलेला बरा. सुट्या कार्डांचा दर संचाच्या मानाने चढा असतोच, शिवाय त्यांच्या स्थितीची खात्री नसते. एका ऑनलाइन लिलावातल्या विक्रेत्याने ‘उत्तम स्थितीत’ म्हणून पाठवलेल्या सुट्या कार्डांच्या पाठीला जुन्या अल्बमचा कागद ओरबाडून निघालेला होता आणि छायाचित्रांत फक्त पुढची बाजू दाखवलेली होती. पाठीचे छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याच पाठीवर आणखी एक गोष्ट तपासावी : गेल्या काही दशकांत अनेक जुन्या संचांच्या प्रतिकृती निघाल्या असून प्रामाणिक प्रतिकृतीवर तसा उल्लेख छापलेला असतो. १९३६-३७ च्या संचातली म्हणून कोणी फोक्सवॅगन बीटल किंवा पोर्शे ३५६ दाखवू लागला, तर पुढे बोलणेच नको. पोर्शेच्या नावाची ती पहिली गाडी १९४८ साली आली आणि बीटलचे नियमित नागरी उत्पादन युद्ध संपल्यावरच सुरू झाले.

खुद्द जर्मनीत ही पद्धत थोडी निराळी होती. हॅम्बुर्गच्या रीम्ट्स्मा कंपनीच्या पाकिटांत कूपन असत आणि ती जमवून पाठवली की चित्रांची मालिका मिळे. ती चित्रे आकाराने मोठी आणि अल्बमही भारदस्त असत, पण १९३३ नंतरच्या अल्बमांत नाझी प्रचार इतका कालवलेला आहे की मला ते कपाटात ठेवावेसे वाटत नाहीत. त्या मानाने प्लेअर्सची निरुपद्रवी मोटारकार्डे कुणाच्याही हातात निःसंकोच देता येतात.

आपल्याकडच्या हवेचा विचार मात्र खरेदीआधीच करावा. मुंबईत किंवा कोकणात जून उजाडला की मागचा डिंक ओल धरतो, कार्डे वाकू लागतात आणि एकावर एक ठेवलेली असल्यास एकमेकांना चिकटून बसतात. चिकटलेली कार्डे सुटी करताना चित्र जाते. म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र कप्पा असलेली पॉलिप्रॉपिलीनची पाने घ्यावीत, पीव्हीसीची स्वस्त पाने टाळावीत, आणि अल्बम हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. माझ्या विक्रेत्याने संच रबरबँड न लावता, कागदी पट्टीत गुंडाळून, दोन्ही बाजूंना पुठ्ठा देऊन पाठवला होता, त्यामुळे कडा शाबूत आल्या. रबरबँडने कडांना पडणारी खाच पुन्हा भरून येत नाही, म्हणून मागणी नोंदवतानाच तशी सूचना लिहावी. दोनांपैकी एकच संच घेणे परवडत असेल, तर विक्रेत्याकडून आधी पूर्ण यादी मागवावी आणि आपल्या आवडीच्या गाड्या ज्यात अधिक आहेत तोच घ्यावा.