उणे मत काढल्यानंतर: इंदूरच्या आमच्या साइटचा नव्या आवृत्तीतला अनुभव

इंदूरच्या मराठी मंडळींची आमची साइट ड्रुपल ७ वरून ड्रुपल १० वर गेली (ड्रुपल म्हणजे साइट चालवायची संगणक प्रणाली), त्याला आता बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यातच अनेकांनी अनुभव लिहिला. मी मुद्दाम थांबलो. नव्या रंगरूपाचं कौतुक आणि जुन्या सवयीचा हट्ट, दोन्ही ओसरल्याशिवाय मत पक्कं होत नाही. आता झालंय. साइट बदलली हे उत्तमच झालं, पण सगळ्यात मोलाचा बदल दिसण्यात नाही, वाचकांनी एकमेकांच्या प्रतिसादांना श्रेणी देण्याच्या पद्धतीत आहे. त्यातलं एक काम अजून अर्धवट आहे, आणि ते पूर्ण व्हावं म्हणूनच हे लिहितोय.

आधी बदलाची गरज का पडली ते थोडक्यात. ड्रुपल ७ आलं ५ जानेवारी २०११ ला आणि त्याचा अधिकृत आधार थांबला ५ जानेवारी २०२५ ला, बरोब्बर चौदा वर्षांनी. खरं तर तो नोव्हेंबर २०२१ मध्येच थांबायचा होता, कोविडमुळे मुदत वाढत गेली. मुदत संपल्यावरही आम्ही काही महिने जुन्याच घरात राहिलो, आणि ते धोक्याचं होतं. सुरक्षेची नवी दुरुस्ती येणं बंद झालेली साइट चालवत राहणं म्हणजे सभासदांचे ईमेल आणि पासवर्ड नशिबावर सोडणं. बरं, ७ वरून १० वर जायला एक बटण दाबून भागत नाही. आठव्या आवृत्तीपासून आतली रचनाच बदललीय. त्यामुळे नवी साइट शेजारी उभी करायची आणि मजकूर तिकडे वाहून न्यायचा, असंच करावं लागतं. हे वेळखाऊ असलं तरी त्यात एक सोय होती. श्रेणीचं जुनं मॉड्यूल, म्हणजे त्या कामाचा साइटला जोडलेला भाग, आहे तसं येणार नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट ठेवायची की टाकायची हे नव्याने ठरवणं भागच पडलं.

मजकूर हलवताना दोन गोष्टी मी जवळून पाहिल्या. मराठीत साइट चालवणाऱ्या प्रत्येकाच्या त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट चित्रांची, म्हणजे इमोजींची. आमच्या जुन्या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची जी पद्धत होती, तिच्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळायचे. देवनागरीचं अक्षर नेमकं तीन बाइटांत बसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवलं नाही. इमोजीला मात्र चार लागतात. फोनवरून लिहिणारे वाढले आणि अडचण समोर आली. कुणी रात्री बसून चार परिच्छेद लिहायचं, शेवटी हात जोडल्याचं एक चित्र टाकायचं, आणि 'प्रकाशित करा' दाबलं की पानभर इंग्रजी त्रुटी. प्रतिसाद गेला. राजेंद्र नगरच्या एका काकूंचा माहेरच्या चैत्रगौरीवरचा सुंदर मजकूर असाच गेला होता आणि त्यांनी तो पुन्हा कधी लिहिला नाही. आता तक्ते चार बाइटांच्या पद्धतीवर आहेत, हा त्रास पूर्ण संपला.

दुसरी गोष्ट शोधाची. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' यांतला र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द. त्यामुळे एका कळफलकावरून लिहिलेला लेख दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर सापडायचाच नाही. मजकूर नव्या साइटवर नेतानाच सगळं एका तऱ्हेत आणलं. नवीन मजकुरासाठीही तोच नियम लावला. कितीतरी जुने धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा, मला त्यानंतर पहिल्यांदाच सापडले. हे काम करणाऱ्या पोराचं कौतुक व्हावं तितकं झालं नाही, ते इथे करतो.

आता श्रेणीबद्दल.

जुन्या साइटवर प्रत्येक प्रतिसादाखाली अधिक आणि उणे अशी दोन चिन्हं होती. बेरीज शेजारी दिसायची. बेरीज उणे तीनच्या खाली गेली की प्रतिसाद मिटायचा, वाचायचा तर टिचकी मारून उघडावा लागायचा. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, ते बीआरटीएसच्या धाग्यावर दिसलं. २०१३ पासून ए. बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी साडेअकरा किलोमीटरची ती बसची वेगळी मार्गिका होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढायला संमती दिली आणि आमच्याकडे धागा पेटला. बहुतेक जण खूश होते. एका निवृत्त अभियंता सभासदाने मात्र शांतपणे लिहिलं, की रस्त्यावर किती गाड्या मावतात हे न पाहता किती माणसं पुढे सरकतात ते पाहा, बसची मार्गिका गेली तर बसही त्याच कोंडीत अडकेल. एक अपशब्द नाही, कुणाला टोमणा नाही. संध्याकाळपर्यंत तो प्रतिसाद मिटलेला होता. आणि त्याच्याच खाली 'काढा एकदाची ती कटकट, भिया!' एवढ्या एका ओळीला अधिक नऊ.

त्या गृहस्थांनी त्यानंतर लिहिणं थांबवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'मला हे पटत नाही' आणि 'हे लिहिणं वाईट आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच बटणात कोंबल्या की लोक पहिल्या कारणासाठी बटण दाबतात आणि साइट शिक्षा मात्र दुसऱ्या कारणाची देते. लोकांच्या स्वभावाला यात दोष देता येत नाही, घोळ बटणाच्या रचनेतच आहे.

यावर भरपूर वाद झाला. पावसाळ्यात लोकमान्य नगरात एका सभासदाच्या घरी बैठक बसली, भुट्ट्याचा कीस होता, आणि रात्री उशिरापर्यंत कुणी उठलं नाही. उणे मत ठेवावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. पिंक टाकून जाणाऱ्याला सामान्य वाचकाने आवरायचं कसं? प्रत्येक वेळी संपादकांकडे धावायचं का? एका ताईंनी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचं उदाहरण दिलं. तिथे दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत दिलं की देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, आणि १२५ गुण मिळवल्याशिवाय तो अधिकारच मिळत नाही. उणे मत फुकट नसावं, हा विचार मला आवडला. पण तिथे प्रश्नाला बरोबर किंवा चूक उत्तर असतं. आमच्याकडे धागे असतात ते शहराच्या विकासावर, नाटकांवर, मुलांना मराठी कशी शिकवायची यावर. तिथे चूक कुणाची मोजणार?

संशोधनाचाही आधार निघाला. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मुचनिक, अरल आणि टेलर यांचा एक प्रयोग छापून आला होता. एका बातम्यांच्या साइटवर पाच महिने एक लाखाहून जास्त प्रतिसादांवर त्यांनी काम केलं. काही प्रतिसादांना सुरुवातीलाच एक कृत्रिम अधिक मत देऊन ठेवलं. त्यांची शेवटची श्रेणी सरासरी २५ टक्क्यांनी वर गेली. फक्त पहिल्या एका मताने! पहिल्या उणे मताचा परिणाम मात्र लोकांनी नंतर भरून काढला. ही भरपाई व्हायला वाचकांची गर्दी लागते. आमच्या साइटवर एखादा प्रतिसाद चाळीस-पन्नास जण वाचतात आणि चार-पाच जण मत देतात. भरपाई करायला माणसं आहेत कुठे?

लहान साइटचा हा मुद्दा एका दुसऱ्या अंगानेही पुढे आला. एकाने सुचवलं की रेडिट या चर्चेच्या साइटने २००९ मध्ये घेतलं तसं प्रतिसादांचा क्रम लावायला विल्सनचं सूत्र घ्यावं. एडविन विल्सनने १९२७ मध्ये मांडलेलं हे सूत्र असं की थोड्या मतांवर विश्वास कमी ठेवायचा. ४४ पैकी ४० मतं अनुकूल असतील तर सूत्र म्हणतं, किमान ७९ टक्के धरा. तीनपैकी तिन्ही अनुकूल असतील तरी फक्त ४४ टक्के, आणि एकातलं एकच असेल तर २१. सूत्र अगदी प्रामाणिक आहे. पण आमच्या जवळजवळ सगळ्याच प्रतिसादांना तीन-चार मतं पडतात, म्हणजे सगळेच खालच्या पट्ट्यात गोळा होणार. क्रम लावण्याइतकी माहितीच आपल्याकडे नाही, हे कबूल करणं जास्त शहाणपणाचं होतं.

शेवटी ठरलं ते असं. उणे चिन्ह गेलं. अधिक चिन्हही गेलं. त्याऐवजी प्रत्येक प्रतिसादाखाली 'श्रेणी द्या' असं आहे, ते दाबलं की सहा पर्याय उघडतात: माहितीपूर्ण, मार्मिक, रोचक, विनोदी, अवांतर, भडकाऊ. एकच निवडायचा. कल्पना स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटची, तिथे ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आहे. पहिले २४ तास कुणालाच काही आकडा दिसत नाही. नंतर 'माहितीपूर्ण ४, मार्मिक २' असं दिसतं, एकूण बेरीज कुठेच नाही. प्रतिसाद आपोआप मिटत नाही. फक्त 'भडकाऊ' ठराविक संख्येच्या वर गेलं की संपादकांना सूचना जाते आणि पुढचा निर्णय माणूस घेतो.

स्लॅशडॉटचा एक नियम मात्र आम्ही घेतला नाही. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलंय तिथे तुम्हाला श्रेणी देता येत नाही, असा तो नियम. मोठ्या साइटवर तो योग्यच. आमच्याकडे लिहिणारे आणि वाचणारे तेच ते पंचवीस-तीस जण. हा नियम लावला असता तर श्रेणी द्यायला वाचनमात्र मंडळीच उरली असती, आणि ती लॉगिन करत नाहीत.

कुणी कोणती श्रेणी दिली हे दिसावं का, यावर मात्र आवाज चढले. पारदर्शकता हवी म्हणणारे कमी नव्हते. पण इंदूरचा मराठी समाज तो केवढा! नाटकाच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत, रामबागेत भाजी घेताना तीच माणसं भेटतात. जुन्या साइटच्या काळात एका बारशाला 'उणे तुम्हीच दिलंत ना?' असं एका गृहस्थांनी दुसऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि दोन घरांतलं बोलणं कित्येक महिने बंद होतं. श्रेणी गुप्त राहिली. दोन आयडी घेऊन श्रेणी देणारा सापडावा म्हणून फक्त व्यवस्थापकांना दिसते. हे मला पूर्ण पटतं.

महिने उलटल्यावर दिसतं काय? लोक श्रेणी कमी देतात, पण वाचून देतात. सहातलं एक निवडायचं तर आधी स्वतःला विचारावं लागतं, की मला हे का आवडलं. 'विनोदी' वेगळं मोजलं जात असल्यामुळे एका ओळीची कोटी अभ्यासू प्रतिसादाच्या डोक्यावर चढून बसत नाही. २४ तासांचं झाकण तर माझ्या मते सगळ्यात चांगलं काम करतंय. पहिल्या दिवशी प्रत्येक जण प्रतिसादाकडे स्वच्छ नजरेने पाहतो. आणि मेट्रोच्या धाग्यावर ते अभियंता गृहस्थ परत आले. त्यांच्या लिहिण्यावर चौघांनी कडाडून विरोधी लिहिलं, आणि त्याच प्रतिसादाला 'माहितीपूर्ण' सात वेळा मिळालं. विरोध शब्दांत झाला, दाद श्रेणीत मिळाली. मला हेच हवं होतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फोनवर उपप्रतिसादांची उतरंड चौथ्या पायरीनंतर इतकी अरुंद होते की एका ओळीत दोन शब्द मावतात. सूचनेचे ईमेल अनेकांच्या नको त्या डब्यात जाऊन पडतात. जुन्या साइटवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकायची खिडकी होती, ती नव्या साइटच्या लिहायच्या चौकटीत नाही. फोनवाल्यांना फरक पडत नाही, पण लॅपटॉपवर लिहिणारे दोन-तीन ज्येष्ठ त्यामुळे गप्प झालेत, आणि ती खिडकी परत आणणं मी मेट्रोच्या धाग्याइतकंच महत्त्वाचं मानतो. जुन्या मतांची बेरीज नव्या साइटवर आणली नाही, याबद्दल काही जण अजून नाराज आहेत. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्या मतांमध्ये नापसंती आणि दर्जा वेगळे करताच येत नाहीत, ती मतं वाहून नेऊन उपयोग काय?

आणि ते अर्धवट राहिलेलं काम. उणे गेलं तेव्हा 'असहमत' म्हणायची जागाही गेली. लिहायला वेळ नाही, पण पटलेलं नाही, अशा माणसाने काय करायचं? हल्ली तो 'अवांतर' दाबतो. मी गेल्या महिन्यांतले धागे परत वाचले. राजकारण आणि शहरविकासाच्या धाग्यांवर 'अवांतर' मिळालेले कितीतरी प्रतिसाद विषयाला अगदी धरून आहेत, फक्त ते बहुमताच्या विरुद्ध आहेत. म्हणजे जुना घोळ मागच्या दाराने पुन्हा आत येतोय. आज प्रतिसाद मिटत नाही म्हणून नुकसान कमी आहे, पण 'अवांतर ५' हा शिक्का नव्या सभासदाला गप्प करायला पुरेसा आहे.

माझी मागणी साधी आहे. सातवा पर्याय 'असहमत' द्यावा, तो बाकी श्रेणींपासून वेगळा, उजव्या कडेला असावा, आणि त्याचा क्रमावर, सूचनेवर, सभासदाच्या खात्यावर कशावरही परिणाम होऊ नये. एकाच वाचकाला 'माहितीपूर्ण' आणि 'असहमत' दोन्ही देता यायला हवं. संपादक मंडळातल्या काहींना भीती वाटते की लोक फक्त तेच दाबतील. दाबू देत. त्यातून निदान खरं काय ते कळेल, आणि 'अवांतर'चा अर्थ अवांतर राहील.

ग्वाल्हेर आणि बडोद्याची काही मंडळी अशीच साइट नव्याने उभारायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आता सुरुवात करत असाल तर थेट ड्रुपल ११ घ्या, ते ऑगस्ट २०२४ मध्ये आलंय. १० चा आधार २०२६ च्या अखेरीला संपतोय. सुदैवाने १० वरून ११ वर जाताना ७ सारखं सगळं घर हलवावं लागत नाही, मॉड्यूलं अद्ययावत असली की पायरी चढता येते. आमची ती पायरी याच वर्षात चढायची आहे. त्या कामांच्या यादीत 'असहमत' टाकावं, असा प्रस्ताव मी संपादक मंडळाकडे दिलाय. सभासदांनी त्यावर आपलं म्हणणं जरूर लिहावं, विरोधात असेल तरीही.