फॅट टायरची ई-सायकल आणि मुरूड-कर्द्याची वाळू: दसरा ते मिरग वापरून झाल्यावर

सायकल बघितली की पहिला प्रश्न ठरलेला: मोटर किती वॉटची? वाळूवर चालवायची असेल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं माझं आता पक्कं मत आहे. आधी टायर, मग बैठक, मग गंज, आणि उरलेच पैसे तर मोटर.

दसऱ्याला घेतलेली सायकल मिरगाचा पाऊस लागेपर्यंत चालवली, ती बहुतेक दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे किनाऱ्यावर. माझं वय साठीकडे, वजन ८२ किलो, उजवा गुडघा कुरकुरणारा आणि वेगाची हौस अजिबात नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या जातीच्या जवळजवळ सगळ्याच सायकलींना लागू पडतं.

घेतली ती अशी: २६ इंची चाक, ४ इंच रुंद टायर, मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची काढता येणारी बॅटरी, पुढचं चाक धरणारा चिमटा म्हणजे फोर्क, तो साधा सरळ. आपल्याकडे मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर नोंदणी, लायसन्स काही लागत नाही. ऑनलाइन ५०० आणि ७५० वॉटचे किट सर्रास मिळतात, पण ते बसवलं की कायद्याने ती सायकल उरत नाही. शिवाय किनाऱ्यावर कोणी अडवलं तर ‘सायकल आहे हो’ म्हणायची सोयही जाते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं दंडनीय आहे, आणि आपल्याकडेही वाळूत रुतलेल्या मोटारींचे पराक्रम दर सुट्टीत बघायला मिळतात.

घडीची, २० इंची चाकाची फॅट टायर सायकलही बघितली होती. डिकीत मावते, मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांना ती सोयीची. पण लहान चाक मऊ वाळूत लवकर बुडतं, मला इथेच राहायचंय, म्हणून मोठं चाक घेतलं. साध्या माउंटन सायकलचा दोन-सव्वादोन इंची टायर ओल्या वाळूवर चालतो, कोरड्या वाळूचा पट्टा आला की उतरून ढकलायची तयारी ठेवा. पुढे शॉकॲब्सॉर्बरचा फोर्क मुद्दाम टाळला. वाळूवर खड्डे नसतात, लाटांच्या बारीक रेघा असतात, आणि त्या कमी हवेचा जाड टायरच गिळतो. फोर्कच्या नळ्यांवर मात्र खारी वाळू बसते आणि सील खाते.

आता हवा, म्हणजे खरा विषय. दुकानातून सायकल आली तेव्हा टायरमध्ये २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) होती. डांबरी रस्त्याला ठीक, वाळूवर मात्र टायर घट्ट राहून करवतीसारखा खाली जातो. ६ ते ७ वर आणली की तोच टायर पसरतो, वाळूवर वजन वाटलं जातं आणि सायकल वर तरंगल्यासारखी चालते. त्यानंतर मोटरच्या मदतीची पातळी एकवर ठेवूनही काम भागतं. ५ च्या खाली जाऊ नका. ट्यूब रिमवर सरकते, व्हॉल्व्ह तिरपा होतो आणि मुळाशी फाटतो. सायकलवाल्याकडचं नेहमीचं मीटर इतक्या खाली नीट दाखवत नाही, त्यामुळे १५ पीएसआयपर्यंतचं वेगळं मीटर घ्यावं लागतं. परतताना रस्त्यावर हीच हवा त्रास देते, हँडल आपोआप ओढलं जातं आणि बॅटरी भसाभस उतरते. मी छोटा चार्जिंगचा पंप पिशवीत ठेवतो. जाड टायर भरायला त्याला बराच वेळ लागतो, तोवर चहा होतो.

मोटरबद्दल एकच गोष्ट दुकानात विचारा: सेन्सर कुठला? स्वस्त सायकलींत फक्त पेडल फिरतंय की नाही हे बघणारा सेन्सर असतो. पायाचा जोर किती ते त्याला कळत नाही. तुम्ही अर्धा फेरा मारला की मोटर उशिरा जागी होते आणि एकदम ढकलते, मागचं चाक जागीच खड्डा खणतं. टॉर्क सेन्सर पायाच्या दाबाच्या प्रमाणात मदत देतो, वाळूवर त्याचा फरक डोळे मिटून कळेल. माझ्या सायकलला तो नाही. डिस्प्लेच्या आतल्या मेनूत स्लो स्टार्ट, म्हणजे मोटर किती हळू जोर धरते ते ठरवणारा पर्याय, सापडला, तो सगळ्यात मवाळ केला. सुटताना अंगठ्याचा थ्रॉटल हलकेच दाबून चाक फिरू देतो आणि मग पेडल मारतो. मागचं फ्रीव्हील बदलून ३४ दात्यांचं मोठं चक्र असलेलं घातलं, गुडघ्याने तेव्हा पहिल्यांदा आभार मानले.

बैठकीवर मोटरइतकाच विचार केला, आणि पैसे तिथे सगळ्यात सत्कारणी लागले. मूळ सीट अरुंद होती, पुढे वाकून बसायला लावणारी. रुंद, स्प्रिंगची सीट घेतली, खाली शॉकवाला सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा. हँडल आमच्या लहानपणीच्या काळ्या सायकलींना असायचं तसं, मागे वळलेलं. याने मनगटावरचा भार गेला आणि मान वर राहिली, समुद्राकडे बघत चालवता येतं. बसवताना दोन अडचणी येतात. जुन्या धर्तीच्या हँडलची मधली जाडी २५.४ मिलिमीटर, हँडल धरणाऱ्या नव्या स्टेमचं तोंड ३१.८, म्हणजे मध्ये शिम (पातळ पत्र्याची कडी) घालावी लागते किंवा स्टेम बदलावा लागतो. दुसरं, हँडल मागे आलं की ब्रेकच्या केबली आणि मोटर बंद करणाऱ्या ब्रेकच्या वायरी कमी पडतात. त्या ओढून ताणून जोडू देऊ नका, जोडवायर मिळते. सीटपोस्टला ग्रीस लावूनच आत घाला. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा पोस्ट फ्रेममध्ये असा धरतो की नंतर हातोडाच लागतो.

चार इंची टायरला मापाचं मडगार्ड मिळेना. निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचा तुकडा गरम करून वाकवला. दिसायला दिव्य आहे, पण पाठीवर ओल्या वाळूचा पट्टा उमटत नाही. साइड स्टँड वाळूत रुततो, त्याच्याखाली नारळाची करवंटी पालथी घालायची. शेजारचा पोरगा म्हणाला, “काका, एवढी विलायती सायकल नि खाली करवंटी?” म्हटलं, ती एकच वस्तू फुकटची आहे बाबा.

खाऱ्या पाण्याबद्दल कुठलाही विक्रेता आपणहून बोलणार नाही. इथे साखळी दोन रात्रींत तांबूस होते. तेल लावलं तर वाळू चिकटून पॉलिशपेपर तयार होतो, दाते झिजतात. मी साखळी धुऊन, पुरती वाळवून वितळलेल्या मेणात बुडवतो. मेण वाळू धरत नाही. मात्र ओली साखळी तशीच ठेवली तर मेणही वाचवत नाही. स्पोकच्या निपलांवर आणि स्क्रूंवर गंज दिवाळीपूर्वीच दिसायला लागला, ते स्टेनलेसचे करून घेतले. ब्रेक केबलीही स्टेनलेस. ब्रेक तारेचेच ठेवले, हायड्रॉलिक दुरुस्त करायला थेट पुणं गाठावं लागेल. हब मोटरची वायर एक्सलमधून आत जाते, ती आधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी वायरीवरून आत न शिरता झोळातून टपकतं. जोडांना सिलिकॉन ग्रीस. लाटेतून फोटोसाठी सायकल घालणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

धुवायचं बादली आणि तांब्याने, प्रेशरचा फवारा नको. आणि पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठच लावणं.

रेंज: कंपनी ५० किलोमीटर म्हणते. मला डांबरावर ३५ च्या आसपास मिळते, वाळूवर २० च्या आत. त्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, मुरूडहून कर्द्याकडे जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. अर्धी बॅटरी उरली की परत फिरा हा हिशेब तिथे चुकतो, दोन तृतीयांश उरलेली असतानाच वळावं. आसूदवरून दापोलीकडचा चढ या मोटरला जड जातो. मी तिथे मदत कमी ठेवून हळू चढतो आणि मध्ये थांबून हब तापलाय का ते हात लावून बघतो.

बाकी वेळापत्रक समुद्राचं. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, हा इथला जुना हिशेब आहे. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि सव्वानवाला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही गेल्या. म्हणून पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतची सकाळ आपली. त्यातही उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप आत जातं, मग कडक वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. ओली पण न चकाकणारी वाळू सगळ्यात टणक. आरशासारखी चमकते तिथे आणि ओहोळाच्या तोंडाशी चाक जातं. वरच्या कोरड्या वाळूत, सुरूच्या बाजूला, नोव्हेंबरनंतर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असू शकतात. तिकडे मी जात नाही, आणि अंधारात दिवा लावून तर नाहीच.

आता पावसाळा आहे. बॅटरी काढून घरात, निम्म्याच्या थोडी वर चार्ज करून ठेवली आहे, महिन्यातून एकदा बघतो. सायकल पडवीत उलटी टांगलीय. पुढच्या सीझनला ब्रेक पॅड आणि साखळी नवी लागेल, मागच्या टायरचं काय ते नवरात्रात बघू. मोटर मात्र मोठी करणार नाही. बदललीच तर टॉर्क सेन्सरवाली बदलेन, वॉट तेवढेच ठेवून.