मिनोल्टा ३५-७० की ३५-१०५? फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी ऑटोफोकस झूम लेन्स निवडताना

मिनोल्टा या जपानी कंपनीने १९८५ साली ७००० हा ऑटोफोकस (आपोआप फोकस करणारा) कॅमेरा आणला. त्याच्यासाठी काढलेल्या पहिल्या ऑटोफोकस लेन्सपैकी ३५-७० एफ/४ आणि ३५-१०५ एफ/३.५-४.५ या दोन झूम लेन्स आजही जुन्या बाजारात परवडणाऱ्या दरात मिळतात. (३५-७० हे मिलिमीटरमधील फोकल लांबीचे आकडे, आकडा मोठा तितके दृश्य जवळ येते; एफचा आकडा प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा, तो लहान तितका उजेड जास्त.) फोकस करणारी मोटर कॅमेऱ्यात असते आणि लेन्समध्ये तिची गती पोहोचवणारी यंत्रणा तेवढी असते, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही लेन्सची मोटर जळण्याची धास्ती येथे नाही.

३५-७० चे वजन सुमारे २५५ ग्रॅम असून ३५-१०५ जवळजवळ दुप्पट भरते. उजेडाच्या बाबतीत मात्र आकड्यांना भुलू नये. एफ/३.५ हे छिद्र मोठ्या लेन्सला केवळ ३५ मिमीच्या टोकाला मिळते आणि ते एफ/४ पेक्षा अर्ध्या स्टॉपनेही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ नाही; १०५ मिमीला तर एफ/४.५ च उरते, आणि तेथे हात हलू नये म्हणून शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवावे लागत असल्याने संध्याकाळी घरात ४०० आयएसओची (प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील) फिल्मही अपुरी पडते.

खरा फरक आहे तो किमान अंतराचा. ३५-७० एक मीटरपासून फोकस करते, तर ३५-१०५ ला दीड मीटर लागतात. हा दोष वाटतो तितका मोठा नाही, कारण ७० मिमीला एक मीटरवरून आणि १०५ मिमीला दीड मीटरवरून चेहरा फिल्मवर साधारण सारखाच मोठा येतो, शिवाय दुरून टिपल्याने नाकाडोळ्यांची ठेवण अधिक स्वाभाविक दिसते. अडचण होते ती ३५ मिमीला: जेवणाच्या टेबलापलीकडच्या माणसावर फोकस बसत नाही आणि खुर्ची मागे सारावी लागते. (३५-१०५ ची पुढे निघालेली हलकी, प्लास्टिकची आवृत्ती वेगळी, येथील विवेचन तिला लागू नाही.)

ज्यांच्याकडे एकही लेन्स नाही आणि ज्यांचे बहुतेक फोटो घरात व प्रवासात निघतात, त्यांनी ३५-७० घ्यावी, असे माझे मत आहे. ५० मिमी एफ/१.७ आधीच असेल, तर ३५-१०५ अधिक उपयोगी पडेल. मात्र ५० मिमी लेन्सचे ४९ मिमी व्यासाचे फिल्टर ३५-७० ला चालतात, ३५-१०५ ला ५५ मिमीचे वेगळे घ्यावे लागतात.

कोणतीही घेतली तरी आतील काचांवर बुरशी आणि छिद्राच्या पात्यांवर तेल नाही, हे विजेरीच्या उजेडात पाहूनच पैसे द्यावेत.