सोमवारी घारापुरी बंद असते, हे मला ठाऊक होतं

सहलीच्या नावाखाली गेलेले 73,238 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना 'किती गेले, किती गेले' असं होणार नाही. यातले माझे स्वतःचे फक्त सहा हजार सहाशे अठ्ठावन्न. बाकीचे दहा जणांचे, माझ्या शब्दावर दिलेले. झोप उडालीय ती त्या दहा जणांमुळे.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अडाणी नाही. फोनवर ओटीपी मागणाऱ्यांना चार शिव्या घालून फोन ठेवणाऱ्यांतला आहे. आम्ही कोल्हापूरचे सहा निवृत्त शिक्षक-कर्मचारी, त्यातल्या चौघांच्या सौभाग्यवती आणि ड्रॉइंगच्या सरांचा नातू, असे अकरा जण. तीन दिवस जुनी मुंबई आणि आसपास बघायची ठरली. राणीची बाग आणि जुहू चौपाटीवालं मुंबई दर्शन नको होतं. फोर्ट, घारापुरी, कान्हेरी, वसईचा किल्ला असं जरा जाणत्या माणसाचं काहीतरी हवं होतं. फेसबुकवर जाहिरात दिसली. माणशी 6,850, राहणं-खाणं-बस-गाइड सगळं धरून. दुसऱ्या दोन ठिकाणी विचारलं होतं, ते नऊ हजाराच्या खाली येत नव्हते. म्हणजे चौकशी मी केली होती, एवढं तरी लक्षात घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर माहितीपत्रक आलं. रविवारी फोर्ट भागात पायी फेरी, सोमवारी सकाळी घारापुरी नि दुपारी कान्हेरी, मंगळवारी वसई.

सोमवारी घारापुरी. आता मला सांगा, ज्या माणसाने एकदा शाळेची सहल सोमवारी नेऊन बेचाळीस पोरांना गेटवेवर कबुतरं मोजत बसवलंय, त्याला हे खटकू नये? घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे त्याच्या पोटातली कान्हेरीही बंद. दोन बंद जागा एकाच दिवशी! मुंबई खरंच दाखवणारा माणूस झोपेतसुद्धा असं वेळापत्रक लिहिणार नाही.

आणि मला खटकलंही. म्हणून तर मी त्या सहलवाल्याला फोन केला. तिथेच घात झाला.

तो म्हणाला, "वा गुरुजी! आजवर शेकडो गिऱ्हाइकं झाली, हे कुणी पकडलं नव्हतं. आमची पुरातत्त्व खात्याकडून खास परवानगी असते. गर्दी नको म्हणून मुद्दाम सोमवार घेतो." मी फुगलो. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: खास परवानगीसाठी माणशी 2,000 अनामत, सहल झाल्यावर परत. अकरा जणांचे 22,000. पहिल्या पत्रकात या अनामतीचा शब्दही नव्हता. मी शंका काढली आणि त्याने माझ्याच शंकेचं बिल फाडून माझ्या हातात दिलं. मी विचारलंच नसतं तर हे बावीस हजार वाचले असते, असं बायको म्हणते. तिचं बरोबर आहे.

भारतीय माणसाला घारापुरीच्या लेण्यांचं तिकीट 40 रुपये आहे हो. चाळीस. मी ते स्वतः काढलेलं आहे.

दुसरी खूण याहून लाजिरवाणी. पत्रकात 'वसई किल्ला' म्हणून जो फोटो होता, तो चारी बाजूंनी समुद्र असलेला, गोल गोल बुरुजांचा. तो मुरुडचा जंजिरा होता! जो मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही, तो. आणि खाली ओळ काय, तर 'चिमाजी अप्पांनी 1739 साली जिंकलेला'. मी हसलो, बायकोला दाखवलं, आणि डिझायनर पोरगा असेल म्हणून सोडून दिलं. वर्गात एखाद्याने असं लिहिलं असतं तर वहीवर लाल गोल काढून पालकांना बोलावलं असतं.

सोडून का दिलं, तेही सांगतो. त्याने मला विनंती केली होती की वसईत गाइडऐवजी तुम्हीच माहिती सांगा, आमचे आणखी वीस पर्यटक असतील, तुमच्यासारखा जाणकार कुठे मिळणार. मी दोनशेपानी वही आणली. 1534 साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली इथपासून ते तिथून आलेली घंटा आज वाईजवळच्या मेणवलीला कशी टांगलीय इथपर्यंत चाळीस मिनिटांचं भाषण लिहून काढलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. अशा माणसाला जंजिरा काय दिसणार! आणि वसई किल्ल्याला मुळात तिकीट नाही. याच्या पत्रकात 'वसई प्रवेश व गाइड 450' अशी ओळ होती. गाइड कोण, तर मी.

पैसे कसे गेले ते असं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निम्मी रक्कम, 37,675. स्कॅन केल्यावर नाव आलं ते सहल कंपनीचं नव्हतं, कुठलंसं 'एंटरप्रायझेस' होतं. तो म्हणाला, आमचं जुनं खातं आहे. (पडद्यावर आलेलं नाव आणि सांगितलेलं नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका. जुनं खातं, भावाचं खातं, सीएचं खातं, काहीही सांगतील.) चार दिवसांनी अनामतीचे 22,000. निघायच्या तीन दिवस आधी जीएसटी म्हणून पूर्ण रकमेवर 18 टक्के, 13,563, 'नाहीतर बुकिंग रद्द होईल'. अशा सहलीवर 5 टक्के लागतो, हे मला आमच्या पुतण्याने नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं.

रविवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरलो. साडेआठला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर, सिंह आणि वाघ बसवलेल्या फाटकापाशी बस येणार होती. नऊ वाजले. फोन 'दोन मिनिटांत पोहोचतोय'. साडेनऊ, 'ट्रॅफिक आहे'. रविवारी, फोर्टमध्ये, साडेनऊला ट्रॅफिक! वेळ जावा म्हणून मी माहिती सांगत होतो: ही इमारत स्टीव्हन्सने 1878 ला बांधायला घेतली, समोरचं महापालिकेचं मुख्यालयही त्याचंच, 16 एप्रिल 1853 ला पहिली प्रवासी गाडी इथल्या बोरीबंदरहून ठाण्याला 34 किलोमीटर गेली. सगळे मान डोलवत होते. दहा वाजून वीस मिनिटांनी फोन बंद झाला आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याचा फोटो गेला. ड्रॉइंग सरांच्या नातवाने मोबाइल बघितला आणि म्हणाला, "आजोबा, ब्लॉक केलंय." दादरच्या ज्या लॉजचं बुकिंग पाठवलं होतं, तिथल्या माणसाने त्या कागदाकडे बघून नुसती मान हलवली. आमच्या आधीही तसे कागद घेऊन लोक आले असणार. चार खोल्या दोन रात्री, 17,600 वेगळे.

आता पोलिसांचं. स्टेशनवरच्या चौकीत सांगितलं, हे रेल्वेच्या हद्दीत नाही. बाहेरच्या ठाण्यात गेलो. तिथे पाऊण तास बाकावर बसवून विचारलं, पैसे कुठून पाठवले? कोल्हापुरातून. मग कोल्हापूरला जा. कोल्हापूरला आलो तर म्हणे बस कुठे येणार होती? मुंबईत. मग मुंबईला जा! मी म्हटलं, साहेब, झिरो एफआयआर म्हणून काही असतं, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये आहे, हद्द कुठलीही असो, नोंद घ्यावी लागते. साहेब म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक ना? मग एवढं माहीत असून पैसे कसे दिले?" खोलीतले तिघे हसले. त्यांच्या टेबलावर 'सायबर भामट्यांपासून सावधान' असं लिहिलेलं कॅलेंडर होतं, डिसेंबरचं पान अजून उलटायचं राहिलेलं. तिसऱ्या फेरीत अर्ज घेतला. अर्ज, गुन्हा नव्हे. पोच मागितली तर शिक्का सापडेना.

बँकेत वेगळं नाटक. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातलं ते तीन कामकाजी दिवसांचं संरक्षण तुमच्या संमतीशिवाय पैसे गेले तर आहे, असं फसवून घेतले तर नाही. नियम असेल बाई, पण निदान समोरचं खातं कुठल्या शाखेतलं ते तरी सांगा? 'गोपनीय आहे.' चोराची गोपनीयता!

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तो लगेच लावा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत. मी लावला तेव्हा शेवटचे पैसे जाऊन सहा दिवस झाले होते, कारण आधी हद्दी शोधत फिरलो. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. आणि चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात मी निम्मी केली.

त्या मुक्कामात सोमवारी घारापुरी, कान्हेरी अर्थातच बंद. पण अकरा माणसं लॉजवर किती वेळ भिंतीकडे बघत बसणार? शेवटी लोकलने भायखळ्याला गेलो, ज्या राणीच्या बागेला नाकं मुरडली होती तिथेच. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं. तुकडे झालेला, पुन्हा जोडलेला. सांधे दिसतात. कुणी काही बोलत नव्हतं. त्यात आमच्या शाळेचे शिपाईमामा, ज्यांनी निवृत्तीच्या पैशातून भरले होते, ते हत्तीच्या पायाला हात लावून म्हणाले, "सर, सांगा की याची माहिती."

सांगितली. वही पिशवीतच ठेवली होती. मामांचे पैसे मी जानेवारीपासून महिना हजार असे फेडतोय, ते घेत नाहीत म्हणून त्यांच्या सुनेकडे देतो.