वाघाच्या पोशाखासाठी फ्लीस: क्लॉथ मार्केटमागचं दुकान

नातवाला वाघ व्हायचं होतं. भाड्याचे पोशाख सॅटिनचे, काखेत टोचणारे. म्हणून इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमागच्या गल्लीतल्या दुकानातून केशरी फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कापड आणलं.

कापडाला पैकीच्या पैकी गुण. विणीचं असल्यानं कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहीत, ओव्हरलॉकचा, म्हणजे कडा मशीनवर बांधून घेण्याचा खर्च वाचला. पन्हा मोठा, चार वर्षांच्या पोराचा अंगरखा, टोपी आणि शेपूट दीड मीटरमध्ये बसलं. मात्र लव एकाच दिशेला ठेवून बेता, नाहीतर पाठ आणि पोट वेगळ्या रंगांचं दिसतं. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, १४ नंबरची. टाका जरा लांब, ३ मिलिमीटरचा. कडक इस्त्री टेकवू नका, पॉलिएस्टर आहे.

दुकानदाराचं मात्र सगळंच ऐकू नये. पट्ट्यांसाठी तो फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं नमद्यासारखं कापड खपवत होता, "आंटीजी, सब यही ले जाते हैं!" म्हणे. मी काळं फ्लीसच घेतलं. एकत्र धुता तरी येतं. शेपटीत कापूसही नको, धुतल्यावर गोळा होतो. उशीतलं फायबर भरा. कान ताठ राहायला बकरम, म्हणजे आत घालायचं कडक कापड हवंच, ते त्याच्याकडे छान मिळालं. गळ्याला नाडी अजिबात नको, वेल्क्रो लावा.

एक तक्रार: मोजताना हा गृहस्थ कापड ताणतो. "भैया, ढीला रखो" म्हटलं की मुकाट्यानं सैल सोडतो. गाडी लांब लावून चालत जा, आणि दुपारी जा. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.