उबुंटू २४.०४, दहा महिने वापरून: काळ्या पडद्यावरच्या चार ओळी

दुकानदाराने चिठोऱ्यावर साडेनऊ हजार लिहून ते माझ्यापुढे सरकवलं, तेव्हा मी लॅपटॉप उचलून परत पिशवीत घातला. तपासणीचे पाचशे मात्र द्यावेच लागले. "मॅडम, मदरबोर्ड जायला लागलाय. चालू होतानाच एरर दाखवतोय, म्हणजे फार तर महिना-दोन महिने," असं त्याने सांगितलं होतं. ही गोष्ट जानेवारीची. आता नोव्हेंबर चालू आहे, मदरबोर्ड तोच आहे आणि हे सगळं मी त्याच लॅपटॉपवर टाइप करते आहे.

उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या २४.०४ या आवृत्तीत नवीन काय आलं, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. मला लिहायचंय ते मुख्यतः त्या एररबद्दल. माझे पाचशे रुपये आणि तीन आठवड्यांची झोप तिच्यात गेली, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून बरेच जण जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकतायत. त्यांच्यापैकी कुणाला तरी या ओळी दिसणारच.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही. २०२३ मध्ये माझ्या भाच्याने त्यावर उबुंटू २२.०४ घालून दिलं. साताऱ्यात मी वकिलांची मराठी कागदपत्रं टाइप करून देते, पानामागे पैसे घेते. मशीन एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद, म्हणून कारण नसताना मी त्याला हात लावत नाही. पण २४.०४ वर जाण्याची सूचना रोज येत होती. जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि अपग्रेड सुरू केलं. अडीच तास लागले. मध्ये त्याने काही प्रश्न विचारले, त्यांतला एक ग्रबच्या (मशीन चालू होताना उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्राम) फाइलबद्दल होता: तुमची जुनी ठेवू की आमची नवी घालू? नवी बरी, असं वाटून मी नवी निवडली.

पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी. पहिली अशी: एसीपीआय बायोस एरर, पुढे कंसात 'बग', मग 'कुड नॉट रिझॉल्व्ह सिम्बॉल', एक लांबलचक नाव ज्याच्या शेवटी एचएस११, आणि 'नॉट फाउंड'. दुसरी ओळ तिचीच पुरवणी. तिसरी-चौथी तशीच, फक्त एचएस११ च्या जागी एचएस१२. तीन-चार सेकंद ओळी दिसायच्या, मग लोगो यायचा आणि पुढे सगळं सुरळीत.

एरर, बग, नॉट फाउंड. हे तीन शब्द एका ओळीत आले की माणूस घाबरतो. मला सगळ्यांत जास्त त्रास ओळीच्या शेवटच्या आकड्याने दिला: २०२३०६२८. मी तो तारखेसारखा वाचला, २८ जून २०२३. त्या दिवशी लॅपटॉप पडला होता का, पाणी सांडलं होतं का, म्हणून कामाची जुनी वही उघडून बसले. वहीत त्या दिवशी एक भाडेकरार आणि दोन प्रतिज्ञापत्रं होती, बाकी काही नाही. नंतर कळलं की ती तारीखच आहे, पण माझ्या लॅपटॉपची नव्हे. कर्नलमधला, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यातला, जो भाग एसीपीआयचे (लॅपटॉपमध्ये काय काय आहे ते सांगणारे) तक्ते वाचतो, त्याच्या आवृत्तीची ती तारीख.

दुकानातून परत आले त्याच आठवड्यात ओळखीतल्या एकाने आणखी एक उपाय सांगितला: ग्रबमध्ये एसीपीआय ऑफ लिही, एरर जाईल. लिहिलं. एरर गेली खरी, पण टचपॅडही गेला, बॅटरीचं चिन्ह गायब झालं, आणि बंद करायला सांगितल्यावर पडदा काळा होऊन पंखा फिरतच राहिला. शेवटी बटण दहा सेकंद दाबून धरलं तेव्हा मशीन बंद झालं. हा सल्ला इंटरनेटवर फार फिरतो, म्हणून स्पष्ट लिहिते: या चार ओळींसाठी तो उपाय करू नका. वीज, बॅटरी, झाकण मिटणं, टचपॅड सापडणं, सगळं एसीपीआयवर चालतं. मी तो शब्द लगेच काढला आणि भाच्याला फोन केला.

"मावशी, आधी काही विकत घेऊ नकोस," तो म्हणाला. "अपग्रेडच्या आधी ही एरर होती का, ते बघू या."

"अरे, आधी नव्हतीच. मी रोज बघते ना."

"दिसत नव्हती, हे मान्य. होती की नव्हती ते लॉग सांगेल."

त्याने मला टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायला लावलं. जर्नलसीटीएल नावाची आज्ञा आहे, तिला 'लिस्ट बूट्स' सांगितलं की मशीन आजवर कधी कधी चालू झालं त्याची यादी येते. उबुंटू ही नोंद डिस्कवर साठवतं आणि अपग्रेडमध्ये ती पुसली जात नाही. आम्ही डिसेंबरमधला एक दिवस निवडला, म्हणजे २२.०४ चा काळ, आणि त्या दिवशीच्या फक्त एरर मागवल्या. चारही ओळी आल्या. एचएस११, एचएस१२, शेवटी तोच २०२३०६२८. ऑक्टोबरातल्या एका दिवशीही त्याच. यादीत जितकं मागे जाता आलं तितकं गेलो, आणि प्रत्येक वेळी त्या ओळी होत्या.

माझा जीव तिथे भांड्यात पडला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं. एरर नवी की जुनी, हे पैसे मोजण्याआधी घरबसल्या कळतं आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मग या ओळी नेमक्या कसल्या? भाच्याने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. एसीपीआय हा १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी आणलेला करार आहे. लॅपटॉप बनवणारा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या सगळ्यांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, तक्ते भरून ठेवतो: या मशीनमध्ये काय काय आहे, त्याला वीज कशी द्यायची, झोपवायचं कसं. ऑपरेटिंग सिस्टिम चालू होताना ते तक्ते वाचते. बनवणारे दर मॉडेलला कोरा तक्ता लिहीत नाहीत, एकच साचा अनेक मॉडेलांना लावतात. एचएस११ म्हणजे अकराव्या क्रमांकाचं यूएसबी पोर्ट. माझ्या लॅपटॉपला बाहेरून तीन यूएसबी, आत कॅमेरा आणि ब्लूटूथ. अकरावं-बारावं पोर्ट मुळात नाहीच. एका तक्त्यात त्यांचा उल्लेख राहून गेला, दुसऱ्या तक्त्यात ती नावं नाहीत. कर्नल शोधतं, सापडत नाही, तसं सांगतं आणि पुढे जातं. सातबाऱ्यावर वाटणीत न आलेल्या गटाचा नंबर राहून जातो, तसंच हे. जमीन जागेवरच असते, कागद चुकलेला असतो. आणि कंसातला 'बग' हा शब्द बायोस लिहिणाऱ्याच्या चुकीबद्दल आहे. उबुंटूची चूक नाही, माझ्या मदरबोर्डाची तर नाहीच.

मग आधी दिसत का नव्हत्या? हे कोडं फेब्रुवारीत सुटलं. भाचा घरी आला तेव्हा त्याला ईटीसी-डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रबच्या फाइलशेजारी तिचीच जुनी प्रत सापडली, नावापुढे 'यूसीएफ-ओल्ड' लावलेली. त्यात 'क्वाएट स्प्लॅश' (क्वाएट म्हणजे संदेश कमी दाखव, स्प्लॅश म्हणजे लोगो दाखव) च्या पुढे 'लॉगलेव्हल=३' होतं. २०२३ मध्ये त्यानेच ते घातलं होतं, मी घाबरू नये म्हणून. अपग्रेडमध्ये मी नवी फाइल निवडली आणि तो शब्द गेला. कर्नलच्या संदेशांना ० ते ७ अशा पायऱ्या असतात, जितका आकडा लहान तितकं गंभीर. एरर ३ वर. नुसतं 'क्वाएट' असेल तर ४ पेक्षा लहान सगळं पडद्यावर येतं, म्हणजे एररही येते. लॉगलेव्हल ३ केलं की ३ पेक्षा लहान तेवढंच येतं, एरर लपते.

हे आधीच सांगितलं असतंस तर पाचशे वाचले असते, असं मी त्याला स्पष्ट बोलले. त्याने मान्य केलं. अपग्रेडच्या त्या प्रश्नाबद्दल माझी उबुंटूवरही तक्रार आहे. जुनी ठेवू की नवी, एवढंच विचारू नका. नवी घेतली तर तुमचं काय जाईल ते साध्या भाषेत वर लिहा. फरक दाखवण्याचा पर्याय तिथे होता, पण तो अधिक-उणे चिन्हांचा मजकूर माझ्यासारखीला कळण्यासारखा नव्हता.

लॉगलेव्हल=३ परत घातलं. ओळी गेल्या, मी शांत झाले. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर इथेच थांबले असते आणि सगळ्यांना हेच करा म्हटलं असतं.

एप्रिलमध्ये मत बदललं. तो शब्द त्या चार निरुपद्रवी ओळींबरोबर त्याच पायरीवरचं सगळंच झाकतो, ही गोष्ट मनातून जात नव्हती. आठ वर्षांची डिस्क, त्यावर लोकांच्या जमिनीची कागदपत्रं. शेवटी लॉगलेव्हल काढलं. लोगोमागे पुढचे संदेश झाकले जातात म्हणून 'स्प्लॅश' ही काढलं आणि बदल लागू व्हावा म्हणून अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवली. त्या चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवल्या. रोज सकाळी चहा घेता घेता त्या बघायच्या, मोजायच्या. सवय झाली.

२२ ऑगस्टला ओळी चार नव्हत्या. खाली सहा-सात नव्या होत्या. त्यांत 'एटीए१', 'यूएनसी' असले शब्द आणि शेवटी 'आय-ओ एरर', एसडीए (म्हणजे माझी डिस्क), सेक्टर (डिस्कचा तुकडा) आणि एक नऊ अंकी आकडा. या ओळी जर्नलसीटीएलच्या जुन्या नोंदींत शोधल्या, आधी कधीच नव्हत्या. यूएनसी म्हणजे डिस्कला तो तुकडा वाचता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवली तर 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न आलेले, संशयित तुकडे) समोर शून्याऐवजी १६. भाच्याने फोनवर दोनच वाक्यं सांगितली: आत्ताच्या आत्ता सगळं बाहेर काढ, आणि मशीन बंद करू नकोस तोवर. संध्याकाळपर्यंत सगळ्या फाइल बाहेर काढल्या. एक जुनं खरेदीखत वाचता आलं नाही, पण त्याची छापील प्रत होती.

नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) तीन हजारांच्या आत मिळाली. भाच्याने रविवारी येऊन बसवली, तिच्यावर २४.०४ नव्याने टाकलं. चालू व्हायला सव्वा मिनिट लागायचं, आता वीस सेकंदही लागत नाहीत. फायरफॉक्स सकाळी पहिल्यांदा उघडायला जो वेळ खायचं, आणि ज्यासाठी मी २४.०४ ला नावं ठेवत होते, ती तक्रारही बरीचशी मिटली.

बाकीचं थोडक्यात. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड उत्तम, 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला र हवा तसा उमटतो, लिबरऑफिसात आणि पीडीएफमध्ये सारखाच. प्रिंटर वायफायवर आपोआप सापडला, सीडी शोधावी लागली नाही. वकिलांकडून जुन्या फॉन्टमधल्या फाइल येतात तेव्हा मात्र अजून रूपांतर करत बसावं लागतं, त्याला उबुंटू काही करू शकत नाही. बॅटरी पूर्वीइतकीच, दोन तास. बायोस अद्ययावत करून त्या ओळी जातात का ते पाहिलं. बायोसची अपडेट शोधणारं उबुंटूतलं साधन, एफडब्ल्यूयूपीडी, माझ्या मॉडेलसाठी काही नाही म्हणतं आणि कंपनीची शेवटची फाइल फक्त विंडोजवर चालते. चालत्या मशीनच्या बायोसमध्ये हात घालायचा आणि मध्येच वीज गेली तर? नको.

नव्या डिस्कवर सगळं लावून झाल्यावर भाच्याने विचारलं, "मावशी, लॉगलेव्हल घालू का परत? त्या चार ओळी अजून येतायत."

"नको," मी म्हटलं. "स्प्लॅश तेवढं काढ."