जिओफिजिक्ससाठीचं पेड काउन्सेलिंग: अडीच स्टार, त्यातले दोन तिसऱ्या सेशनच्या मॅडमचे

मामेभावाची मुलगी कराडला टीवायबीएस्सी फिजिक्स करतेय, तिला जिओफिजिक्समध्ये, म्हणजे फिजिक्सच्या पद्धतींनी जमिनीखाली काय आहे ते शोधायच्या शाखेत, जायचंय. भावाने ६,५०० रुपये भरून ऑनलाइन काउन्सेलिंगचं पॅकेज घेतलं, तीन सेशन आणि शेवटी एक पर्सनल रोडमॅप. मी सतरा वर्षं सिस्मिक डेटा प्रोसेसिंगमध्ये (जमिनीतून परत आलेल्या लहरींच्या नोंदींवरून खालचं चित्र काढायचं काम) आहे, म्हणून भाऊ म्हणाला तू बाजूला बस, फक्त कॅमेऱ्यात येऊ नको. बसलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा दहा आहेत.

पहिलं सेशन म्हणजे सायकोमेट्रिक टेस्ट. तुला डोंगर आवडतात का, दगड गोळा करतेस का वगैरे. अहो, दगड जिऑलॉजीवाले बघतात, आमच्याकडे बहुतेक दिवस स्क्रीनवर वेव्हफॉर्म आणि मॅट्रिक्स, दगड दिसला तर तो कुणाच्या तरी टेबलावर पेपरवेट म्हणून. काउन्सेलर सरांनी वर पुण्याचं आयआयटीएम पण सुचवलं, जिथे काम मान्सूनवर, म्हणजे हवामानावर चालतं, जमिनीखालचं नाही. पोरगी हळूच माझ्याकडे बघत होती, काका बोलू का म्हणून. म्हटलं, ऐकून घे.

दुसऱ्यात सगळं तेल. गल्फ, डॉलर, पॅकेज, हेलिकॉप्टरने रिगवर जाणाऱ्या माणसाचा फोटो. ही लाइन भारी आहे यात वाद नाही, ओएनजीसी जिओफिजिसिस्ट घेते, सरफेस (जमिनीवरून सर्व्हे) आणि वेल्स (विहिरीत उपकरण सोडून मोजमाप) अशा दोन वेगळ्या पोस्ट असतात, ऑइल इंडिया आहे, सर्व्हिस कंपन्या आहेत. पण २०१४ च्या शेवटी तेलाचा भाव कोसळला तेव्हा काय झालं हे कुणी सांगायचं? आमच्या फ्लोअरवरच्या निम्म्या खुर्च्या दीड वर्षात रिकाम्या झाल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकन तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला होता. भाव पडला की पहिली कात्री एक्सप्लोरेशनच्या, म्हणजे नवं तेल शोधायच्या बजेटला लागते, हा या धंद्याचा स्वभावच आहे. आमच्यातले जे टिकले ते गणित आणि कोडिंगवाले, कारण त्यांना दुसरीकडे पण कुणीतरी घेतलं. सरांच्या स्लाइडवर पायथॉन हा शब्द नव्हता.

मध्येच भावाने विचारलं, सर बोअरला पाणी कुठं लागेल ते पण यातच येतं ना? सर हसले. मला राग आला, कारण ते खरंच यातच येतं. जमिनीत चार सळया रोवायच्या, बाहेरच्या दोनांतून करंट सोडायचा, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजायचं, अंतर वाढवत जायचं की खालच्या थरांचा अंदाज येतो. आपल्याकडे काळ्या बेसॉल्टमध्ये पाणी फटींत आणि झिजलेल्या थरात असतं, म्हणून अजून लोक तळहातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतात आणि तीनशे फूट कोरडी बोअर मारून बसतात. केंद्रीय भूजल मंडळात यासाठी सायंटिस्टची पोस्ट असते, यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून. त्याच परीक्षेतून जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा) जिओफिजिसिस्ट होता येतं आणि एमएस्सी फिजिक्सवाल्यालाही बसता येतं. जागा दरवर्षी सारख्या नसतात, पण दार आहे ना.

आता ते दोन स्टार. तिसऱ्या सेशनला वेगळ्या मॅडम होत्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, तुला चिखलात कॅम्प चालेल की एसीत स्क्रीन? आणि एमएस्सीनंतर लगेच कमवायचंय की पीएचडीची चार-पाच वर्षं परवडतील? घरात त्यावर अर्धा तास चर्चा झाली, आई पण आली मध्ये. मग त्यांनी नीट सांगितलं की जॅममध्ये, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत, जिओफिजिक्स नावाचा पेपरच नाही, त्यामुळे कुठल्या पेपरच्या स्कोअरवर कुठला कोर्स मिळतो ते त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये बघायचं. गेटच्या (एमटेक-पीएचडीसाठीची परीक्षा) जिऑलॉजी-जिओफिजिक्स पेपरमध्ये पुढचा भाग जिऑलॉजीचा की जिओफिजिक्सचा ते निवडावं लागतं. धनबाद, खरगपूर, रुरकी, आयआयटी बॉम्बे ही नावं सगळे घेतात, त्यांनी बीएचयूचा तीन वर्षांचा एमएस्सी टेक आणि विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ पण काढलं. परदेशाचं बोलताना आधी गाइड बघ मग युनिव्हर्सिटी, थीसिसवाल्या एमएसला असिस्टंटशिप (विद्यापीठातच काम करून मिळणारे पैसे) मिळू शकते, नुसत्या कोर्सवर्कवाल्याला बहुतेक वेळा खिशातून. डेल्फ्ट, झुरिक आणि आखेन मिळून अप्लाइड जिओफिजिक्सचा दोन वर्षांचा मास्टर्स चालवतात, तो मला स्वतःला फार आवडतो, तीन शहरं फिरून शिकायचं.

मग आला रोडमॅप. २२ पानं, त्यातली १४ व्हिसा आणि एज्युकेशन लोनची. मॅडमनी जे सांगितलं त्यातलं जेमतेम एक पान. आणि ज्या मुलीचं घर कराडला आहे तिच्या रोडमॅपमध्ये कोयना नाही! ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप घरात आजीकडून ऐकत ती मोठी झालीय, धरणामुळे भूकंप होतात का याचा अभ्यास करायला जगभरची माणसं इथे येतात, कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय आणि ते काम बघणारी केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्सची लॅब कराडलाच आहे. पनवेलचं भूचुंबकत्व संस्थान नाही, अलिबागची वेधशाळा नाही, जी मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून तिकडे नेली. समुद्रावर काम करणारं गोव्याचं एनआयओ नाही, हैदराबादचं एनजीआरआय, म्हणजे जिओफिजिक्सची राष्ट्रीय संशोधन संस्था, तर फक्त नकाशावर ठिपका.

तर, पॅकेज घेऊ नका. सुटं सेशन मिळत असेल आणि त्या मॅडम असतील तर तेवढं घ्या. पुतणी पुढच्या आठवड्यात कराडच्या लॅबला मेल करून भेट मागणार आहे, मेलचा मसुदा तिनेच लिहिला, मी फक्त दोन स्पेलिंग बघितली. भावाने अर्धे पैसे परत मागितले तर उत्तर आलं, रोडमॅप डिलिव्हर झालेला आहे.